लोण्यातली लव्हॉन

सिग्नीच्या आईचं डोकं तळघरातल्या फ्रीझरमध्ये होतं. वर वाटाण्याच्या पिशव्या, शेजारी तळ्यातल्या माशांचे तुकडे आणि मध्ये प्लास्टिकच्या पिशवीत लव्हॉन, हनुवटी वर करून.

लोण्याचं डोकं. आमच्या टोर्गेम गावात हे कुणाला सांगावं लागत नाही. आमच्या काउंटीच्या जत्रेत दरवर्षी दूधवाल्यांच्या घरातली एक मुलगी दुग्धराणी होते. डोक्यावर मुकुट आणि अंगात हिवाळी कोट, कारण तिला काचेच्या थंडगार खोलीत बसायचं असतं. समोर एक माणूस लोण्याच्या भल्या मोठ्या ठोकळ्यातून तिचं डोकं कोरतो, खोली हळूहळू गोल फिरते आणि बाहेर लोक काडीला लावलेलं तळलेलं सॉसेज चावत, बोटं पँटला पुसत बघत राहतात. जत्रा संपली की मुलगी आपलं डोकं घेऊन घरी जाते. मग कधीतरी ते वितळवतात. कणसांच्या जेवणात, नाहीतर तिच्याच लग्नात पावाला लावायला. आपलं डोकं आपल्या पाहुण्यांना वाढणाऱ्या नवऱ्या मी पाहिल्यात. त्या हसत असतात. "कान मावशीला द्या, तिला सगळं ऐकायचं असतं." सगळे खिदळतात आणि कान सुरीने पावावर पसरतो.

आज सिग्नी ट्वेट डुलुथ शहरात राहते आणि दगडात डोकी कोरते. लोक तिला विचारतात, घरात कुणी कलावंत होतं का. ती नाही म्हणते आणि विषय बदलते. खरं उत्तर जेवणाच्या टेबलावर सांगण्यासारखं नाही.

लव्हॉनने आपलं डोकं कुणाला खाऊ दिलं नाही. लग्नात सासूने दोनदा सुचवून पाहिलं. लव्हॉन म्हणाली, "त्या खोलीत बसून माझं बूड गोठलं होतं. ते डोकं माझ्या कमाईचं आहे." तेवढ्यावर विषय मिटला. पुढे सिग्नी झाली, आणि सिग्नी चार वर्षांची असताना लव्हॉन रक्ताच्या आजाराने गेली. घरात फोटो काढणारी तीच होती, त्यामुळे फोटोंत गायी होत्या, सिग्नी होती, ऑरिनची पाठ होती. लव्हॉन नव्हती.

ऑरिन म्हणजे सिग्नीचा बाप. उंच, वाकलेला, दिवसातून दोन वेळा गोठ्यात. त्याच्या अंगाला आयोडीनचा आणि आंबलेल्या चाऱ्याचा वास कायमचा चिकटला होता, अंघोळ केली तरी. तो बोलायचा तेव्हा हवामानाबद्दल, आणि हवामान बरं असलं तर तेही नाही. बायको गेल्यावर घर चालवायला त्याची थोरली बहीण आली, थोरा. थोरा शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना जेवण वाढून वाढून थकलेली बाई. तिला मुलं आवडत नव्हती आणि ती हे मुलांच्या तोंडावर सांगायची. आमच्याकडे असं तोंडावर सांगणारी ती एकटीच.

थोरा सिग्नीला तळघरात पाठवायची आणि पोरगी वर यायचीच नाही.

"सिग्नी, वाटाणे आणायला गेलीस की पेरायला?"

"येते, आत्या."

"फ्रीझर उघडा ठेवलायस. इथवर गारठा येतोय."

पोरगी वर यायची तेव्हा बोटं लाल, बधिर, आणि बाह्या कोपरापर्यंत ओशट. ती पिशवी काढून डोक्यावरून हात फिरवायची. कपाळ, भुवया, नाकाचा उतार, गाल. डोळे मिटून. थोराने एकदा जिन्यावरून हे पाहिलं. तिनेच मला हे सांगितलंय. "मढं न्हाऊ घालावं तसं चाललं होतं. मी ओरडणार होते. पण मग वाटलं, ओरडून सांगू काय?"

मग सिग्नी हाताला लागेल त्यात ते डोकं करू लागली. पावाच्या कणकेत, साबणात, गायींच्या सडांना लावायच्या मलमात. त्या मलमाचं डोकं खिडकीत ठेवलं तर त्यावर माश्या येऊन चिकटल्या. डोळ्यांच्या जागी दोन माश्या, गालावर सहा-सात. थोराने ते चिमट्यात धरून बाहेर फेकलं. डुक्कर कापल्यावर घरात चरबीचे डबे आले, तर सिग्नीने एक डबा पळवला.

"ही चरबी डोनटसाठी ठेवली होती," थोरा म्हणाली.

"आहे की. वितळव."

"तुझ्या आईच्या तोंडात डोनट तळू?"

"तोंड जमलेलंच नाही. तळ."

तोंड जमत नव्हतं, हे खरं. नाक जमलं, कपाळ जमलं, कानाची पाळीसुद्धा. पण फ्रीझरमधल्या लव्हॉनचे ओठ मिटलेले होते आणि डावा कोपरा किंचित वर होता. काहीतरी बोलायचं आहे आणि ती थांबली आहे, असं. सिग्नीच्या हातून तो कोपरा एकतर फार वर जायचा आणि बाई खोटं हसायला लागायची, नाहीतर खाली यायचा आणि बाई मरून पडायची. मरून पडलेली आई सिग्नीला नको होती. ती परत जिन्याने खाली जायची.

सिग्नी तेरा वर्षांची झाली त्या उन्हाळ्यात घरी मार्लिस हाउगेन येऊ लागली. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी विधवा. येताना हिरव्या जेलीत किसलेलं गाजर अडकवून आणायची. ताटात ते थरथरत बसायचं आणि ऑरिन ते खायचा. ज्या माणसाने नऊ वर्षांत ताटात काही दुसऱ्यांदा वाढून घेतलं नव्हतं, तो मार्लिसची जेली दुसऱ्यांदा मागून घेऊ लागला, तेव्हाच थोराने गावात हार्डवेअरच्या दुकानावरच्या दोन खोल्या बघून ठेवल्या.

"बघून ठेवल्यात, एवढंच," ती म्हणाली. "ऑरिनला आता वाढणारी मिळाली."

मार्लिस वाईट नव्हती. हेच तर शिसारी आणणारं आहे, की त्या सगळ्या प्रकरणात कुणीच वाईट नव्हतं.

ऑगस्टमध्ये एका दुपारी चौघं टेबलाशी होती. मार्लिस म्हणाली, "ऑरिन, माझा अर्धा बैल कसाईकडे तयार आहे. ठेवायचा कुठे?"

"फ्रीझर मोठा आहे."

"फ्रीझर मोठा आहे. पण त्यात कुणीतरी राहतंय."

ऑरिनने कॉफी ढवळली. त्यात साखर नव्हती, दूध नव्हतं, ढवळण्यासारखं काही नव्हतं.

"मी मनात काही आणून बोलत नाहीये," मार्लिस म्हणाली. "पण शनिवारी चर्चचं कणसांचं जेवण आहे. आपल्या लग्नाचं तेव्हाच जाहीर होईल. सगळं गाव असेल. लव्हॉन सगळ्यांची लाडकी होती. लोकांना बरं वाटेल."

"म्हणून तिला खायचं?" सिग्नीने विचारलं.

"खायचं काय, बाळा. लोणी आहे ते."

"लोणीच हवं तर दुकानात मिळतं."

"सिग्नी," ऑरिन म्हणाला.

"बाबा, ते नका देऊ. मला अजून तोंड जमलेलं नाही."

ही एवढीच तिची मागणी होती. कुणाला कळली असेल असं वाटत नाही. मार्लिसने तिच्या हातावर हात ठेवला. पावडर लावलेला, मऊ, घामट हात. सिग्नीने आपला हात टेबलाखाली नेऊन फ्रॉकला पुसला.

"लोणी आहे ते, सिग्नी," ऑरिन म्हणाला. "थोरा, कॉफी आहे का अजून?"

त्या आठवड्यात सिग्नी तळघरातच राहिली म्हणा ना. शेताच्या चरातली निळसर माती बादलीत घालून खाली नेली. त्या मातीला गोठ्यातून वाहत येणाऱ्या पाण्याचा वास होता, नको तेवढा. फ्रीझरवर बसून ती डोकं बघायची आणि माती दाबायची. थोरा जिन्यावर ताट ठेवून जायची. शुक्रवारपर्यंत मातीची सात-आठ तोंडं झाली, नुसती तोंडं, रांगेत जमिनीवर मांडलेली. एकही धड नव्हतं.

"कापून ठेवल्यासारखी दिसतात," थोरा म्हणाली.

"आत्या, तू बाबांना सांग ना."

"तुझ्या बापाला सांगायचं म्हणजे चाऱ्याच्या उंच सायलोला सांगण्यासारखं आहे. वरून आवाज परत येतो, बस."

शनिवारी चर्चच्या अंगणात लांब टेबलं लागली. उकळत्या कणसांचे हंडे, कागदी ताटल्या, पातळ कॉफी, सगळ्यांच्या जेलीची भांडी उन्हात घाम सोडत. आमच्याकडे कणसाला लोणी लावत नाहीत, कणीस लोण्यात बुडवतात. उंच डब्यात गरम पाणी आणि वर वितळलेलं लोणी तरंगत असतं. सोलून मागे बांधलेल्या पानांना धरायचं, कणीस आत घालायचं, वर काढायचं. एकाच्या मागे एक, सगळ्यांची बोटं त्याच डब्यावर.

मार्लिसचा भाऊ डेलमर ट्रेमधून डोकं घेऊन आला, वर चौकटीचा पुसायचा कपडा टाकून. कपडा काढला तेव्हा दोन-चार म्हाताऱ्यांनी "अगं बाई, लव्हॉन" असं म्हटलं. पाद्री लिंडक्विस्टांनी या भगिनीने आपल्याला आजही खाऊ घातलं म्हणून देवाचे आभार मानले. मार्लिसने खाली बघितलं. ऑरिनने टोपी काढली.

"कुठून सुरुवात करू?" डेलमरने सुरी पुसत विचारलं. "डोक्यात काय होतं ते आधी बघू, की नंतर?"

लोक हसले. त्याने मागून, केसांपासून सुरुवात केली. अंबाडा गेला, मान गेली, डब्यात डबडब करत विरघळली.

आणि वास आला.

खवट. जुन्या तेलाच्या कढईसारखा, आणि त्याच्या पोटात मासा. इतकी वर्षं ते लोणी माशांशेजारी झोपलं होतं. तो वास डब्यातून उठला आणि अंगणभर पसरला. माझ्या पुढे उभ्या असलेल्या बाईच्या नाकपुड्या फुगल्या आणि लगेच जागेवर आल्या. आमच्याकडे एखादी गोष्ट घाण आहे असं म्हणत नाहीत. वेगळी आहे, म्हणतात. यजमानाने वाढलेलं आहे, मेलेल्या बाईचं आहे, तिचा नवरा समोर उभा आहे, मग तर काही विचारूच नका. रांग पुढे सरकली. प्रत्येकाने कणीस बुडवलं.

"वेगळंच आहे हं."

"हो ना. चव आहे याला एक."

"पूर्वीचं लोणी असंच असायचं."

"आता कुठे मिळतं असं."

हनुवट्या पिवळ्या, चकाकत्या. दाण्यांची सालं दातांत, पिवळे ओघळ मनगटावरून कोपराकडे. एक म्हातारा घास गिळताना दर वेळी डोळे मिटत होता, औषध घेतल्यासारखा, आणि त्याने दुसरं कणीस घेतलं. दुसरं. कारण एकच खाऊन ठेवलं तर ऑरिनला वाईट वाटेल. पोरं तोंड वाकडं करू लागली, त्यांना आयांनी टेबलाखालून चिमटे काढले. सगळं गाव उभं राहून कुजलेलं खात होतं आणि मान डोलावत होतं.

सिग्नी ट्रेजवळ उभी होती. ट्रेमध्ये आता चेहराच उरला होता, मागून सपाट, आभाळाकडे तोंड करून. ऊन लागून नाकाच्या शेंड्यावर थेंब धरला होता. ती ट्रे सोडून रांगेकडे गेली आणि पाद्रींसमोर थांबली.

"कसं लागतंय?"

"अं. फार पौष्टिक आहे, सिग्नी. पौष्टिक."

ती पुढच्या बाईकडे गेली. "कसं लागतंय?"

"छान आहे गं. वेगळं."

"तुम्हाला?"

"मला तर आधीच भूक कमी, पण छान."

ती एकेकाला विचारत गेली. आवाज चढवला नाही, रडली नाही. लोक कणसाआड तोंड लपवू लागले. मार्लिस तिच्या मागे आली. "सिग्नी, बाळा, माणसांसमोर असं करू नये."

सिग्नी बापापाशी पोचली. ऑरिनच्या हातात अर्धं कणीस होतं.

"बाबा, कसं लागतंय?"

तो चावत राहिला. "ठीक."

"खरं सांगा."

"लोक ऐकताहेत."

"म्हणूनच विचारतेय."

ऑरिनने अजून एक घास घेतला. जबडा हलत होता. त्याच्या गळ्याची घाटी वर गेली, अडकली आणि खाली आली. "चांगलं आहे," तो म्हणाला.

तेवढ्यात शेजारी थोराने तोंडातलं सगळं कागदी रुमालात थुंकलं. सगळ्यांना दिसेल असं, आवाज करून.

"खवट आहे," ती म्हणाली. "माशाच्या आतड्यासारखं लागतंय. आणि तुम्ही गिधाडासारखे दुसरं कणीस बुडवताय. ऑरिन, तूसुद्धा."

"थोरा, इथे तमाशा नको," मार्लिस कुजबुजली.

"तमाशा तुझ्या भावाने सुरीने कापून वाढलाय. मी फक्त तोंड पुसतेय. सिग्नी, ट्रे उचल."

कुणी अडवलं नाही. त्यांची गाडी गेल्यावर पाद्री म्हणाले, "उकडतंय आज," आणि सगळ्यांनी ते मान्य केलं.

गाडीत ट्रे सिग्नीच्या मांडीवर होता. थोरा शेताकडे न वळता सरळ हार्डवेअरच्या दुकानाकडे गेली. तोवर नाक घसरून गालावर आलं होतं आणि एक डोळा मिटला होता. फ्रॉक ओला, पिवळा, दुर्गंधीने भरलेला. दुकानदाराकडून किल्ली घेऊन दोघी वरच्या खोलीत गेल्या. तिथे एक जुना फ्रिज होता. त्याचा बर्फाचा कप्पा पावाच्या डब्याएवढा.

"सगळं मावणार नाही," थोरा म्हणाली. "कुठलं ठेवायचं?"

"तोंड."

"मी कापते. तू तिकडे बघ."

"मी इकडेच बघणार."

थोराने सुरी चालवली. मग बाथरूममध्ये जाऊन दार लावून घेतलं आणि नळ सोडून दिला.

सप्टेंबरमध्ये लग्न झालं. थोरा गावात राहायला आली आणि सिग्नी दर शनिवारी तिच्याकडे. शेतावर ती जेवायची, झोपायची, मार्लिसला हो-नाही म्हणायची. बापाशी एक शब्द नाही. थोराच्या ओट्यावर निळसर माती असायची आणि बशीत ते तोंड, सुरकुतलेलं, कडेने पारदर्शक झालेलं.

"खिडकी उघड," थोरा म्हणायची. "आणि पंधरा मिनिटांच्या वर ते बाहेर ठेवायचं नाही. खालचा दुकानदार उंदीर मेलाय का विचारून गेलाय."

शेवटी कोपरा जमला. नोव्हेंबरच्या एका सकाळी सिग्नीने हात काढून घेतले आणि तिथे एक आख्खी बाई होती. थोराने चष्मा घातला, काढला, परत घातला. "आता मला हिच्यासमोर जेवावं लागणार," ती म्हणाली. तिच्या तोंडी हे कौतुकच होतं.

त्याच दुपारी ऑरिन आला. हातात बैलाच्या मांसाचं पुडकं, मार्लिसने थोरासाठी पाठवलेलं. टोपी काढून दारातच उभा राहिला. टेबलावरच्या डोक्याकडे बराच वेळ पाहत राहिला.

"ही कोण?"

थोराच म्हणाली, "डोळे गेले का तुझे? लव्हॉन आहे."

"नाही," ऑरिन म्हणाला. "तोंड तिचं नाही."

"जत्रेतल्या डोक्यावरून केलंय. तसंच्या तसं."

"त्या माणसाने मिटवलं होतं तोंड. बरं दिसावं म्हणून. लव्हॉनचे वरचे दात पुढे होते. ओठ मिटायचेच नाहीत तिचे." त्याने टोपी या हातातून त्या हातात घेतली. "झोपेतसुद्धा. गावाला आता जत्रेतलंच तोंड आठवतं."

सिग्नी उठली. बशीतला तो सुरकुतलेला गोळा तिने कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि हात पुसत राहिली. चार वर्षांची असल्यापासून तिने जो ओशट थंड कोपरा बोटांनी पाठ केला, ज्याच्यासाठी अख्ख्या गावासमोर उभी राहिली, तो कुणा परक्या माणसाने मुलीला नीटनेटकं करण्यासाठी बनवला होता.

"मला कधी सांगितलं का नाहीत?" कित्येक आठवड्यांनी ती त्याच्याशी बोलली ती हे.

"तू विचारलं नाहीस."

"तुम्ही ते खाल्लंत. उभं राहून खाल्लंत आणि चांगलं आहे म्हणालात."

पुडक्यातून रक्ताचं पाणी झिरपून ऑरिनच्या बुटावर पडत होतं. मग तो टेबलापाशी आला आणि अंगठा मातीच्या ओठाकडे नेला. जाड, फुटलेला अंगठा, भेगांमध्ये सकाळचं शेण सुकलेलं.

"हात धुऊन या," सिग्नी म्हणाली.

तो थोराच्या ओट्याशी गेला. भांड्यांच्या साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, नखं घासली. बराच वेळ लागला. तो परत आला तेव्हा सिग्नीने डोकं त्याच्याकडे वळवून ठेवलं होतं. त्याने वरचा ओठ अंगठ्याने खालून उचलला आणि पुढे ओढला.

"असं?"

"अजून."

"हे कुरूप दिसतंय," थोरा म्हणाली.

"थोडं होतंच," ऑरिन म्हणाला.

मला विचाराल तर मी त्याला दारातूनच परत पाठवला असता. मांसाच्या पुडक्यासकट. सिग्नीने त्याच्यासाठी खुर्ची ओढली. प्रेमाने नाही; थोरा म्हणते, तिच्याकडे पाहूनच ते कळत होतं. तिला त्याचं तोंड बघवत नव्हतं. पण तिच्या आईचे दात आता जगात फक्त त्या माणसाच्या डोक्यात होते, आणि ते बाहेर काढल्याशिवाय ती त्याला उठू देणार नव्हती.

"पुढचे दोन दात एकमेकांना लागून होते?" तिने माती कोरायची सुई हातात घेत विचारलं.

"नाही. फट होती. त्यातून शिट्टी मारायची ती, गायींना."

"केवढी फट?"

ऑरिनने घड्याळाकडे पाहिलं. संध्याकाळच्या धारेची वेळ होत आली होती.

"बसा," सिग्नी म्हणाली. "केवढी ते दाखवा."